पाणथळ जागा आणि आमचें शिक्षण

दलदल, चिखल, डबकें हे शब्द आपण सहसा तिरस्कारानेंच उच्चारतों. पाणथळ जमीन म्हणजे निरुपयोगी जमीन, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आणि अशा जागेंत भर घालून तिजवर घरें उठविलीं म्हणजे मोठा पुरुषार्थ झाला असें मानण्याचा प्रघात आहे. ही समजूत मोडणें हें शाळेचें काम आहे, असें आमचें मत आहे. तें कसें करावें ह्याचा एक नमुना आपल्याच महाराष्ट्रांत पाहावयास मिळतो.

नवी मुंबईंतील ऐरोली येथें, ठाण्याच्या खाडीच्या तीरीं, वनविभागाच्या कांदळवन कक्षानें २०१७ सालीं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सुरू केलें. खाडीचा हा भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं त्याची गणना रामसर स्थळांत, म्हणजे जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांत, झाली. तेथें विद्यार्थ्यास कांदळवनाची माहिती मिळते, आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाहून होडीतून खाडीची फेरीहि करतां येते. खाऱ्या चिखलांत हवा शिरत नाहीं, म्हणून तिवराचीं मुळें जमिनीबाहेर येऊन श्वास घेतात. त्याच मुळांच्या जाळ्यांत मासे, खेकडे व कोळंबी ह्यांचीं पिलें वाढतात, आणि लाटांचा माराहि तेंच जाळें अडवितें. हिंवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तेथें हजारों रोहित पक्षी माना खालीं घालून, चिखलपाण्यांतील शेवाळ व सूक्ष्म जीव चोंचीनें गाळून खात असतात. त्यांच्या पंखांचा गुलाबी रंगहि ह्या अन्नांतूनच येतो. ज्यास पाहून आपण नाक मुरडतों, तेंच इतक्या जीवांचें ताट आहे, हें मुलानें एकदां पाहिलें म्हणजे 'पडीक जागा' हा शब्द त्याच्या तोंडून सहज निघत नाहीं.

कोणी म्हणेल, समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या लोहाऱ्याच्या मुलांस ह्याचें काय? परंतु इराणांतील रामसर शहरीं २ फेब्रुवारी १९७१ रोजीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यानें पाणथळ जागा ठरवितांना खारें व गोडें, वाहतें व सांचलेलें, निसर्गनिर्मित व मनुष्यनिर्मित असा भेद ठेविला नाहीं. महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ, नांदूर मध्यमेश्वर, हें गोदावरीवरील बंधाऱ्यामुळें तयार झालेलें आहे. आणि दुसरें, लोणार सरोवर, आपल्या वऱ्हाडांतच आहे. दोहोंसहि हा मान ठाण्याच्या खाडीच्या आधीं मिळाला. मग यवतमाळास पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे जलाशय, आणि गांवोगांवचे तलाव, ह्यांसहि पाणथळ म्हणून जपावयास नको काय? २०१८ सालच्या उन्हाळ्यांत यवतमाळकरांनीं पाण्याचें दुर्भिक्ष भोगलें आहे. नळ आटल्यावर तलाव आठवतो. तो भरलेला असतांना त्याच्या कांठीं कचरा कोण टाकतो, हें मात्र कोणी पाहत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें पर्यावरण हा विषय सर्व शाळांत आवश्यक ठरला. परंतु प्रश्नोत्तरें पाठ केल्यानें गुण मिळतात, आस्था उपजत नाहीं. वर्षांतून एक सहल काढल्यानेंहि ती उपजेल असें नाहीं. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वर्गानें जवळचा एक तलाव किंवा नाला आपला मानावा, महिन्यांतून एकदां शिक्षकांसह तेथें जावें, आणि पाणी किती चढलें-उतरलें, कोणते पक्षी आले, कांठीं काय उगवलें, काय फेंकलेलें आढळलें, हें एका वहींत लिहावें. ती वही पुढील वर्षीं खालच्या वर्गाच्या हातीं द्यावी. मासे धरणारे ढिवर आणि वृद्ध शेतकरी ह्यांस पक्ष्यांचीं व गवतांचीं नांवें विचारावीं. वनाधिकारी कै. मारुती चितमपल्ली ह्यांनीं रानांतील लोकांपाशीं बसूनच कितीतरी नांवें टिपलीं. त्यांच्या पक्षिकोशाचें मोल त्यांत आहे.

पालकांस दोन शंका येतील: अभ्यासाचा वेळ बुडेल, आणि पाण्याची भीति. दुसरी शंका रास्त आहे. मुलांनीं एकटें पाण्यावर कधींहि जाऊं नये. शिक्षकांसमवेत जावें व कांठावरूनच पाहावें. पहिलीस उत्तर असें कीं, मोजणें, ताडून पाहणें व पाहिलेलें शुद्ध भाषेंत लिहिणें हाच तर अभ्यास आहे. गणित, विज्ञान व मराठी हे तिन्ही विषय त्या एका वहींत येतात.

विद्यार्थिमित्रहो, ऐरोलीस जाण्याचा योग आला तर अवश्य जा. परंतु त्याची वाट पाहत बसूं नका. आजचे तुम्ही विद्यार्थी उद्यां ग्रामसभेंत बसाल, आणि गांवाचा तलाव राखावा कीं बुजवावा हा प्रश्न तुमच्यापुढें येईल. त्या दिवशीं तुमचें मत ऐकीव गोष्टींवर नव्हे, तर वर्षानुवर्षें स्वतः पाहिलेल्यावर उभें असावें, एवढीच आमची इच्छा आहे.