भाच्याच्या वहीतल्या नोटा

मामा येवो की आत्या, मुलाच्या हातावर दहा-वीसची नोट पडते आणि संध्याकाळपर्यंत ती चिप्सच्या पुडीत जाते. यापुढे त्यातली एखादी कोरी नोट वहीत ठेवायला द्यावी, असे आम्ही सुचवतो. नोटांचा संग्रह हा श्रीमंतांचा शौक, हा समज काढून टाकावा. १०, २० आणि ५० ची एकेक नोट घेतली तर ८० रुपये होतात. अडचणीला त्या बाजारात चालतातच. ५०० ची नोट मात्र वहीत अडकवू नये, तेवढ्यात किराणा येतो.

वहीत ठेवण्यापूर्वी नोट मुलाकडून वाचून घ्यावी. मागच्या बाजूला पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. त्यात मराठी कुठे आहे ते त्याला शोधू द्या. नव्या २० वर वेरूळची लेणी आहेत, २०० वर सांचीचा स्तूप. १० च्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही आणि धारकाला पैसे देण्याचे वचन असते. एक रुपयाच्या नोटेवर वचन नसते आणि सही अर्थसचिवाची असते, कारण ती नोट सरकार काढते. असे का, हे मूल विचारणारच.

तेव्हा त्याला सांगावे की परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये याच रुपयाचा अभ्यास केला. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली निघाला. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. रिझर्व्ह बँक सुरू झाली ती पुढे १९३५ साली. आपल्या मुलांना घटनेचे शिल्पकार ठाऊक असतात, पण रुपयाचे अभ्यासक फारसे कुणी सांगत नाही.

१, २ आणि ५ च्या नोटा आजीच्या डब्यात सापडतील. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेली ५०० किंवा १००० ची एखादी नोट गादीखाली राहिली असेल तर घाबरू नये. २०१७ च्या कायद्याने अशा एकूण दहा नोटा, आणि अभ्यासासाठी वा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत ठेवायला मुभा आहे. बाजारात तिचे मोल शून्य. पण घरातले कोण कुठल्या बँकेपुढे किती तास रांगेत उभे होते, ते कागदावर लिहून तिच्याशेजारी ठेवावे.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मुलांना एखाद्या रविवारी जरूर न्यावे. बघायला पैसे पडत नाहीत. मात्र ७८६ आकड्याच्या नोटेला लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा, असा फोन आला तर एक पैसाही देऊ नये. आपण असले व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

नोटेला टाचणी, डिंक, चिकटपट्टी लावू नये, इस्त्री फिरवू नये. लॅमिनेशन तर नाहीच. हलक्या प्लॅस्टिकचे पाकीट कालांतराने चिकट होते, त्यापेक्षा साधे पांढरे कागदी पाकीट बरे. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून वही भिंतीला न टेकवता वरच्या फळीवर ठेवावी.