जुन्या ध्वजांचा बाजार

कोणतीही वस्तू बाजारात आणून तिची किंमत ठरविण्याचे भांडवलशाहीचे सामर्थ्य अजब आहे. अमेरिकेत जुने राष्ट्रध्वज आणि राजकीय प्रचाराची वस्त्रे जमविण्याच्या छंदाला आलेले रूप पाहिले म्हणजे याची खात्री पटते. ब्रिटिश सेनानी टार्लटन याने १७७९ व १७८० साली अमेरिकन क्रांतिसैन्याकडून हिसकावून नेलेली चार निशाणे २००६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सुमारे १ कोटी ७४ लक्ष डॉलरांना विकली गेली. ज्यांनी ती रणात मिरविली, त्यांपैकी बहुतेकांची नावेही आज कोणी सांगू शकणार नाही.

संग्राहक ध्वजावरील तारे मोजतो, कारण राज्यांची संख्या वाढत गेली तसतसे तारेही वाढत गेले आणि त्यांवरून कापडाचा काळ ठरतो. ताऱ्यांची मांडणी १९१२ पर्यंत सरकारने निश्चित केलेली नव्हती. त्यामुळे कोणी ते वर्तुळात शिवले, कोणी रांगेत, तर कोणी सर्व मिळून एक मोठा तारा केला. अशी मांडणी जितकी दुर्मीळ, तितका भाव चढा. परंतु हे तारे शिवले कोणी, हा प्रश्न बाजारात सहसा विचारला जात नाही.

तो विचारला म्हणजे काय हाती लागते ते पाहावे. अमेरिकेच्या राष्ट्रगीताला स्फूर्ती देणारा मॅकहेन्री किल्ल्यावरील ३० फूट बाय ४२ फुटांचा ध्वज १८१३ साली बाल्टिमोर येथे मेरी पिकर्सगिल हिने तयार केला. त्याचे तिला ४०५ डॉलर ९० सेंट मिळाले. या कामात तिच्या मुलीबरोबर व भाच्यांबरोबर ग्रेस विशर ही करारबद्ध सेवेतील कृष्णवर्णीय मुलगीही होती. पुढे किल्लेदाराच्या कुटुंबाने या ध्वजाचे तुकडे कापून मानाच्या भेटी म्हणून वाटले. ते तुकडे जपले गेले. ग्रेसचे नाव मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिले. १८६० साली लिंकनच्या प्रचारासाठी सुती कापडावर ध्वज छापले गेले, त्या काळी अमेरिकेतील कापूस मुख्यतः गुलामांच्या हातांनी वेचला जात होता. हा विरोध त्या कापडाच्या धाग्यातच विणलेला आहे.

कायद्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. बिअरच्या बाटलीवर ध्वजाचे चित्र छापणाऱ्या व्यापाऱ्यांना शिक्षा देणारा नेब्रास्का राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०७ साली उचलून धरला. मालावर ध्वज छापणे हा गुन्हा ठरला, पण ध्वजालाच माल करणे हा प्रतिष्ठेचा व्यवसाय झाला!

तथापि संग्राहकांना सरसकट दोष देणे न्याय्य होणार नाही. निवडणूक संपताच केरात जाणारी कित्येक वस्त्रे त्यांच्याच हौसेमुळे वाचली. उलट, सार्वजनिक संस्था नेहमी विश्वासू ठरतात असेही नाही. १८७६ साली लिटल बिगहॉर्न येथे लकोटा व शायान लोकांनी कस्टरच्या घोडदळाचा पराभव केला. त्या रणभूमीवर सापडलेले पथकाचे निशाण डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाने १८९५ साली ५४ डॉलरांस घेतले होते. २०१० साली त्याच संग्रहालयाने ते लिलावात काढले आणि त्याचे सुमारे २२ लक्ष डॉलर आले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, राजकीय वस्त्र हा सामुदायिक जीवनाचा दस्तऐवज आहे आणि त्यावर पहिला हक्क समाजाचा असला पाहिजे. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय चित्रकार डेव्हिड बस्टिल बाउझर यांनी यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या १२७ व्या पलटणीसाठी ध्वज रंगविला होता. आपण माणसे आहोत हे सिद्ध करू, अशी प्रतिज्ञा त्यावर आहे. २०१९ साली तो विक्रीस निघाला, तेव्हा अटलांटाच्या इतिहास केंद्राने १,९६,८०० डॉलर मोजून तो घेतला म्हणूनच जनतेसाठी राहिला. काल एका माणसाला जमावाने ठार केले, एवढेच सांगणारा काळा ध्वज कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारी एनएएसीपी ही संघटना न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर फडकवीत असे. जागा गमावण्याच्या धमकीमुळे १९३८ साली तो उतरवावा लागला. आज तो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये संघटनेच्या कागदपत्रांसह आहे. त्यामुळेच त्याचा अर्थ शाबूत राहिला आहे.

कापडाबरोबर त्याची हकिकत जपली नाही, तर उरते ती फक्त चिंधी किंवा किंमत. आपल्या कार्यालयांतील कपाटांत मोर्च्यांचे जुने फलक व निशाणे पडून असतील. ती कोणी शिवली, कोठे नेली, त्या दिवशी काय घडले, हे सांगणारी माणसे हयात आहेत तोवर कार्यकर्त्यांनी लिहून ठेवावे. या कामाला लिलावगृहाची गरज नाही. वही आणि आस्था पुरेशी आहे.