पंखांमागचं शिसं

१९५०च्या दशकातल्या अमेरिकन मोटारींचं कौतुक सुरू झालं की गाडी हमखास मागच्या पंखांवर येते आणि सगळं श्रेय जनरल मोटर्सचा डिझायनर हार्ली अर्ल याच्या खिशात पडतं. देऊया त्याला. १९४८च्या कॅडिलॅकला पंख फुटले ते लॉकहीडचं पी-३८ लढाऊ विमान पाहूनच. त्याच्या तिथल्या स्टुडिओत लाकडी सांगाड्यावर मेणमिश्रित माती गरम करून थापत आणि खऱ्या मापाची अख्खी गाडी उभी करत. पण मला ओढ आहे ती कारखान्यातल्या शिशाच्या कामाची. छपरापासून मागच्या बाजूपर्यंतचं, मातीत एकसंध दिसणारं वळण प्रेसमधून एकाच पत्र्यात निघणं कठीण. मग छप्पर वेगळं, मागची बाजू वेगळी, वेल्डिंगने जोड आणि राहिलेल्या खाचेत शिसं. कामगाराच्या एका हातात गॅसची ज्योत, दुसऱ्यात लाकडी थापी. शिसं-कथलाची कांडी लोण्यासारखी मऊ झाली की ओघळायच्या आत सांध्यावर पसरायची. ज्योत अंमळ जास्त लागली तर पत्राच वाकडा! मग घासकाम. त्याची धूळ विषारी, म्हणून घासणारे बंद खोलीत, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा चढवून. स्टुडिओतल्या कुणाला हे कधी करावं लागलं नाही, हे सांगायला नकोच. रंग चढला की सांधा गायब, आणि शोरूममधलं गिऱ्हाईक नेमकं तिथेच हात फिरवून खूश. शिशाची जागा पुढे प्लास्टिकच्या भरावाने घेतली.