श्रद्धा आणि कुदळ

धर्मग्रंथावर ज्याची निष्ठा आहे त्यानें प्राचीन संस्कृतींच्या संशोधनांत पडूं नये, त्याच्या हातून सत्य बाहेर येणार नाहीं, असें म्हणणारा एक पक्ष आहे. संशोधनानें धर्मग्रंथाचें अक्षर न् अक्षर खरें ठरविलेंच पाहिजे, नाहीं तर तें संशोधन पाखंड होय, असें मानणारा दुसरा पक्ष आहे. हे दोन पक्ष परस्परांचे वैरी खरे. परंतु श्रद्धा आणि प्रामाणिक चौकशी एका घरांत नांदूं शकत नाहींत, याविषयीं दोघांचें एकमत आहे. आमच्या मतें हा समज चुकीचा आहे. आणि तो कसा चुकीचा हें ख्रिस्ती विद्वानांनीं गेल्या दीडशें वर्षांत पश्चिम आशियांत केलेल्या कामावरून चांगलें कळतें. त्यांत अनुकरणीय पुष्कळ आहे, तसें टाळण्याजोगेंही थोडें नाहीं.

ज्यॉर्ज स्मिथ हा नोटांचे ठसे कोरण्याचें काम शिकलेला लंडनचा एक कारागीर. स्वतःच्या कष्टानें कीलाकार लिपि शिकून तो ब्रिटिश म्युझियममध्यें दाखल झाला. निनवे येथील असुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयांतून आलेल्या मातीच्या इष्टिका वाचीत असतां १८७२ सालीं त्याला जलप्रलयाची कथा सांपडली. पर्वतावर टेकलेली नौका आणि तींतून सोडलेलीं पाखरें हीं दोन्ही तींत होतीं. त्याच वर्षीं ३ डिसेंबर रोजीं त्यानें हा शोध भर सभेंत वाचून दाखविला, तेव्हां खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते. नोहाची कथा सिद्ध झाली म्हणून पुष्कळांना आनंद झाला. परंतु पुढें याच कथेच्या आणखी जुन्या प्रती निघाल्या, आणि बाबेलच्या लोकांत ही कथा इब्री ग्रंथ रचले जाण्याच्या कितीतरी आधीं प्रचलित होती, हें उघड झालें. आनंद करणारे तेथें गप्प बसले. खरा अभ्यास मात्र तेथूनच सुरू होतो. बाबेलच्या एका जुन्या काव्यांत माणसांच्या गलबल्यानें देवाची झोपमोड होते म्हणून प्रलय येतो. इब्री ग्रंथकार तोच प्रलय मनुष्याच्या दुराचाराशीं जोडतो. जुन्या कथेला नीतीचा हा अर्थ कोणी व कां दिला, हा प्रश्न भाविकाला जितका जिव्हाळ्याचा वाटेल तितका क्वचितच दुसऱ्या कोणास वाटेल. ख्रिस्ती दृष्टीनें अभ्यास करणें याचा सरळ अर्थ आम्ही हाच समजतों.

यरीहोचें उदाहरण याहून कडक आहे. रणशिंगांच्या नादानें त्या नगराचा तट कोसळला, असें यहोशवाच्या पुस्तकांत सांगितलें आहे. जॉन गार्स्टँग यांनीं १९३० ते १९३६ या काळांत तेथें उत्खनन केलें, पडलेला एक तट इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० च्या वेळचा ठरविला, आणि तो यहोशवाच्या वेळचा असल्याचें जाहीर केलें. पुढें १९५२ ते १९५८ या वर्षांत कॅथलीन केनियन या विदुषींनीं तेंच टेकाड थर न् थर निराळा करून आणि खापरांवरून काळ ठरवीत खणलें. तेव्हां तो तट गार्स्टँग यांच्या अंदाजाहून सुमारें हजार वर्षें जुना निघाला. आणि यहोशवाचा म्हणून जो काळ मानतात त्या काळांतील तटबंदीचें नगर त्यांना तेथें आढळलें नाहीं. केनियनबाईंचे वडील बायबलच्या प्राचीन हस्तलिखितांचे नामांकित अभ्यासक होते. तेव्हां हा निकाल धर्मद्वेषाचा, असें म्हणण्याची सोय नाहीं. त्याच चरांत त्यांना सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींचा दगडी बुरूज आणि मृतांच्या कवट्यांवर लेप देऊन घडविलेले चेहरे मिळाले. केवळ यहोशवाचा तट हवा असणाऱ्याला या चेहऱ्यांकडे पाहण्याची फुरसत झाली असती काय?

पुरावा नेहमीं ग्रंथाच्या विरुद्धच जातो असेंही नव्हे. १९६१ सालीं कैसरियास पिलाताचें नांव असलेला शिलालेख निघाला. १९९३ सालीं तेल दान येथें इसवी सनापूर्वींच्या नवव्या शतकांतील अरामी शिलालेख सांपडला. त्यांत ‘दाविदाचें घराणें’ हे शब्द बहुतेक विद्वान वाचतात. दाविदाला निव्वळ कविकल्पना ठरविणाऱ्यांना तेव्हां आपलें म्हणणें तपासून पाहावें लागलें. कुदळ कोणाचीच मिंधी नसते.

हें तत्त्व पाळणाऱ्यांना त्याची किंमतही द्यावी लागली. फादर लाग्रांज यांनीं १८९० सालीं यरुशलेमेंत बायबलच्या अभ्यासाची शाळा काढून ग्रंथाला भाषा, भूगोल आणि उत्खनन यांची जोड दिली. १९१२ सालीं त्यांच्याच चर्चच्या वरिष्ठांची इतराजी होऊन त्यांना कांहीं काळ यरुशलेम सोडावें लागलें. एकतीस वर्षांनीं, १९४३ सालीं, पोपमहाराजांनीं स्वतः आज्ञापत्र काढून प्राचीन ग्रंथप्रकारांच्या अभ्यासाचा मार्ग प्रशस्त मानला. पण तें पाहावयास लाग्रांज हयात नव्हते. आणि पुढें त्याच शाळेचे फादर द व्हो ज्या संशोधकमंडळाचे प्रमुख झाले त्याच्या हातीं १९४७ पासून सांपडत गेलेल्या मृत समुद्राकांठच्या गुंडाळ्या आल्या, तेव्हां त्या मूठभर विद्वानांच्या कुलपांत इतकीं वर्षें राहिल्या कीं, सर्व अभ्यासकांना त्या खुल्या होण्यास १९९१ साल उजाडलें. ज्यानें जुलूम सोसला त्याचे वारसही कृपण होऊं शकतात, हा धडा विसरण्याजोगा नाहीं.

याहून मोठा दोष हव्यासाचा. पवित्र वस्तूंना गिऱ्हाईक आहे असें दिसलें कीं चोर आणि बनावटखोर दोघेही बाजारांत येतात. वॉशिंग्टन येथें २०१७ सालीं उघडलेल्या बायबल संग्रहालयांतील मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून मिरविलेले सर्व १६ तुकडे बनावट असल्याचें २०२० सालीं जाहीर झालें. आणि तेथें ठेवलेली गिल्गमेशाच्या काव्याची एक इष्टिका चोरीची ठरून २०२१ सालीं इराकास परत करावी लागली. ज्या ग्रंथांत ‘चोरी करूं नको’ अशी आज्ञा आहे त्याच ग्रंथाच्या गौरवासाठीं चोरीचा माल विकत घेतला जावा, याहून मोठी विटंबना कोणती?

हा प्रश्न आम्हांस परका नाहीं. जेझुइट फादर हेन्री हेरास यांनीं मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत १९२६ सालीं इतिहास-संशोधनाची संस्था स्थापिली आणि सिंधु लिपीचा छडा लावण्यांत आयुष्याचा मोठा भाग खर्चिला. त्यांचें वाचन विद्वन्मान्य झालें नाहीं. परंतु आपल्या धर्माचा ज्या संस्कृतीशीं संबंध नाहीं तिच्यासाठीं एक पाद्री इतका झिजतो, यांत संशोधकाची उदारता आहे. ही उदारता ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान, बौद्ध या सर्वांनींच अंगीं बाणवावयास हवी. कारण आपापल्या पुराणाचा तट जमिनींतून निघावा हा मोह प्रत्येकास आहे.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. धर्मशिक्षणाच्या शाळांतून तेल दानबरोबर यरीहोही शिकवावें. वस्तु कोठून व कोणाच्या हातून आली हें कळल्यावांचून संग्रहालयांनीं तिला थारा देऊं नये. आणि खणण्यापूर्वींच निकाल लिहून ठेवणाऱ्यानें कुदळ खालीं ठेवावी. जी श्रद्धा एका खापरानें तडकते ती मुळांतच कच्ची. आणि जी खरी आहे तिला मातींतून कांहीं वर आलें तरी भिण्याचें कारण नाहीं.