खाच नसलेली कॅसेट

‘सुपर ऑफ रोड’ हा व्हिडिओ गेम ज्यांनी खेळला असेल, त्यांना त्यातला करडा ट्रक विसरणे शक्य नाही. वरून दिसणारा मातीचा ट्रॅक, त्यावर नखाएवढे चार ट्रक, उंचवट्यांवरून टुणटुण उड्या मारणारे आणि पाण्याच्या डबक्यात रेंगाळणारे. तांबडा, निळा आणि पिवळा माणसांचा, करडा यंत्राचा. अमेरिकेतल्या लेलँड कंपनीने १९८९ मध्ये हा खेळ काढला आणि त्याला आयव्हन ‘आयर्नमॅन’ स्टुअर्ट या खऱ्याखुऱ्या ड्रायव्हरचे नाव दिले. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ पासून वाळवंटातली एक लांबलचक शर्यत होते. तिथे इतर लोक आळीपाळीने स्टिअरिंग धरत, हा गृहस्थ एकटाच गाडी दामटायचा, म्हणून ‘आयर्नमॅन’. १९९३ मध्ये या खेळाचा पुढचा भाग निघाला तो थेट त्या बाहाच्या वाळवंटातच. आम्ही मुले स्पेलिंग वाचून त्याला ‘बाजा’ म्हणायचो. असो.

आता हा खेळ ‘रेट्रो’ झाला आहे. माझ्या वयाची मंडळी एकत्र जमली की ठरलेला सूर लागतो. आमच्या वेळचे खेळ कसे निर्मळ होते आणि आताचे मोबाईलवरचे खेळ पोरांकडून कसे पैसे उकळतात! दुसरे विधान खरे आहे. पहिले मला मुळीच पटत नाही, आणि त्यासाठी पुरावा म्हणून मी हाच खेळ पुढे करीन.

त्याची रचना आठवा. प्रत्येक शर्यत संपली की पडद्यावर एक दुकान उघडते. टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वेग वाढवणारे सामान आणि नायट्रो. शर्यतीत मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून हे घ्यायचे. इथवर ठीक. पण पार्लरमधल्या यंत्रात आणखी एक नाणे टाकले की खेळातल्या पैशांत भर पडायची. म्हणजे हात कसाही चालू दे, खिसा चालला की ट्रक पळणारच.

म्हापशाला बाजाराजवळच्या एका पार्लरमध्ये हे यंत्र होते. एकाच यंत्राला तीन स्टिअरिंग, तिघे शेजारी उभे राहून खेळायचे. आमच्यात एक तारवट्याचा मुलगा होता. बाप बोटीवर, त्यामुळे त्याच्या खिशात टोकनांचा खुळखुळाट. वळणावर तो हमखास कठड्याला धडकायचा, तरीही जिंकायचा. त्याचा राग येत नसे कुणाला. गंमत अशी की सगळ्यांना त्याच्याच शेजारचे स्टिअरिंग हवे असायचे, एखादे टोकन आपल्यालाही मिळेल म्हणून! चांगला खेळणारा आमच्यात दुसराच होता, पण त्याच्याकडे दिवसाला दोन टोकने. तिसऱ्या-चौथ्या शर्यतीनंतर तो मागे उभा राहून बघायचा.

मला या खेळाचे दुसरे रूप भेटले ते ग्वाल्हेरात. गोव्याचे आणि ग्वाल्हेरचे नाते तसे जुने, आपल्या पेडण्यातल्या केरीचे जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांचे बक्षी होते. आमचे नाते त्यामानाने साधे, मावशी तिकडे दिलेली. १९९४ च्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. शिंद्यांच्या छावणीचे शहर झाले ते लष्कर, त्यातला महाराज बाडा, आणि तिथून जवळच टोपी बाजार. नावात टोपी असली तरी मावसभावाला तिथले एक भलतेच दुकान ठाऊक होते. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आणि त्यांच्या पिवळ्या कॅसेटी. कार्ट्रिजला तेव्हा सगळे कॅसेटच म्हणत. वर ट्रकचे चित्र, ना कंपनीचे नाव ना पत्ता. उघड उघड नक्कल. मावशीने घासाघीस करून ती घेऊन दिली, आणि दुकानदाराने ‘बहनजी, चले तो दुआ देना’ म्हणत पिशवीत टाकली.

ती चालली. दुपारभर खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे आणि आत आमची शर्यत. दोन दिवसांत माझ्या लक्षात आले की हा खेळ तोच असूनही तोच नव्हे. नवा टायर हवा तर आधी जिंकायला हवे, आणि जिंकायचे तर वळणावर थोडे आधी कळ सोडायला शिकायला हवे. टीव्हीच्या त्या डब्याला नाणे टाकायची खाचच नव्हती! तारवट्याचा मुलगा तिथे असता तर पार मागे पडला असता, आणि दोन टोकनांचा तो दुसरा मुलगा आयर्नमॅनला रडवता झाला असता.

यावर कुणी म्हणेल, खऱ्या शर्यतीतही पैसाच पळतो. खुद्द स्टुअर्टच्या मागे टोयोटासारखी कंपनी उभी होती. कबूल. पण तो पैसा झेंडा हलण्याआधी, थंड डोक्याने, मोठ्या माणसांनी ओतलेला असतो. पार्लरमधले नाणे पडते ते हरल्याच्या रागात, समोर आकडे उलटे मोजले जात असताना, दहा वर्षांच्या मुलाच्या हातून. हा फरक लहान नाही.

आणि ही खाच गोव्याला समजावून सांगायची गरज नाही. जत्रेतला गडगडा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो आहोत. १९९२ मध्ये जुगारविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिने आली, मग मांडवीतल्या बोटी आल्या, आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना कॅसिनोत जायला बंदी. दारावर माणूस उभा करून आपण आपल्याच लोकांना वाचवू पाहतो. मोबाईलच्या दारावर मात्र कुणी नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते बरेच झाले. पण त्यात नजर आहे ती पैसे जिंकण्याच्या आशेने लावलेल्या पैशांवर. काहीही परत मिळणार नाही हे ठाऊक असून मूल नुसते टायर विकत घेते, तिथे तो कायदा पोचत नाही. बेल्जियमने २०१८ मध्येच खेळांतल्या पैसे देऊन फोडायच्या ‘नशिबाच्या पेट्या’ जुगारात धरल्या.

माझे म्हणणे एवढेच नाही की बंदी आणा. बंदीचे काय होते ते मांडवीच्या काठावर राहणाऱ्यांना मी काय सांगू? मला निदान दोन गोष्टी हव्यात. एक, मुलांच्या खेळात ‘हिरे’, ‘मोहरा’ असली सोंगे नकोत. ट्रकच्या टायरखाली सरळ रुपये लिहा, म्हणजे मुलालाही कळेल की हे भाकरीचे पैसे आहेत. दुसरी, एकदाच किंमत देऊन पुरा मिळणारा खेळ मुलांच्या विभागात सगळ्यात वर दिसू दे. असे खेळ आजही निघतात, चांगले निघतात, पण ते शोधायला घरातल्या मोठ्या माणसाने तासभर बसावे लागते. मी भाच्यासाठी बसलो. त्याला वरून दिसणाऱ्या ट्रकांचा असाच एक खेळ सापडवून दिला, तर त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘मामा, ह्यात घ्यायचं काय?’’ अजून तो तिसऱ्या ट्रॅकवर अडकला आहे, आणि रोज संध्याकाळी फोन करून वळणांची तक्रार करतो.