साल जळाले, कर्ज उरले



31 डिसेंबरच्या रात्री बेळगावात ‘ओल्ड मॅन’चे पुतळे जाळतात. आमच्या गावची पोरेही पिंजर, जुनी पँट आणि फाटका सदरा गोळा करून असाच एक म्हातारा उभा करतात. मला त्यात गैर वाटत नाही. पोरांना गंमत हवीच. पण जाळ विझल्यावर घरी परतताना दरवर्षी एकच विचार मनात येतो. साल जळाले, सोसायटीचे कर्ज काही जळाले नाही. मग नव्या वर्षाचा आनंद करायचा तो कशाचा?

काही जण तो बाटलीत शोधतात. भाताचे पैसे नुकतेच हाती आलेले असतात. त्या रात्री काय होते आणि दुसऱ्या दिवशी घरच्या बाईला काय सोसावे लागते, ते सर्वांना ठाऊक आहे.

पवित्र शास्त्रात हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक आहे. अवघे तीन अध्याय. तिसऱ्या अध्यायाचे 17 वे वचन काढून पाहा. तो चक्क पंचनामा करतो! अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेतातले धान्य, मेंढरे, गुरे, अशा सहा बाबी लिहितो आणि सहांच्याही पुढे शून्य मांडतो. आणि लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो की, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पुढच्या हंगामात दुप्पट पिकेल, असे तो कुठेही म्हणत नाही.

हे मी मुद्दाम लिहीत आहे. प्रार्थना केली की पीक हमखास येते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ऑगस्ट 2019 च्या पुरात आणि 2023 च्या दुष्काळात प्रार्थना करणाऱ्यांचीही शेते गेली. ज्याचे गेले त्याची श्रद्धा कमी पडली, असे म्हणणे हे माझ्या मते पाप आहे. हबक्कूकाचे पुस्तक सुरू होते तेच देवाकडे केलेल्या तक्रारीने. किती काळ हाका मारू, असे तो विचारतो. देवाने त्याला त्याबद्दल हाकलून दिले नाही.

म्हणून शेजारचा कोणी रात्र रात्र जागत असेल, जेवण टाकत असेल, बांधावर एकटाच बसत असेल, ‘माझा काय उपयोग’ असे बोलत असेल, तर ‘प्रार्थना कर’ एवढे सांगून घरी येऊ नका. त्याच्याजवळ बसा. तक्रार पुरी ऐका. त्याच्या घरच्यांना सांगून फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात ठेवायला लावा, किल्ली दुसऱ्याकडे. डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे. 14416 हा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत. तो स्वतः फोन करीत नसेल तर तुम्ही लावून द्या.

1 जानेवारीला, देवमाता मारियेच्या सणाच्या मिस्सात, लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळांची हकिगत वाचतात. ते गोठ्यात आले, बाळ पाहिले, आणि देवाची स्तुती करीत परत गेले. परत म्हणजे कुठे? त्याच माळावर, त्याच मेंढरांकडे. एकही मेंढरू वाढले नव्हते. थंडीही तीच असणार. पण त्या रात्रीची राखण त्यांना आदल्या रात्रीसारखी वाटली नसेल.

126 व्या स्तोत्रात रडत पेरणारा शेतकरी आहे. तो का रडतो, हे मला लहानपणी कळत नसे. मग एका ओढीच्या साली आई बियाण्याच्या कणगीला हात लावू देईना. आम्ही भावंडे आंबिलीवर होतो, आणि कणगीत भात होते! पेरणीच्या दिवशी तिने ते बाहेर काढले तेव्हा तिचे डोळे भरले होते. पोरांच्या तोंडचा घास ती चिखलात टाकत होती. आशा म्हटले की मला ती कणगी आठवते.

तेव्हा या नव्या वर्षी एक काम करा. उन्हाळी भुईमूग घालणार असाल तर घरच्या बियाण्याचे 100 दाणे, चांगलेवाईट न निवडता, मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांनी चांगले कोंब आलेले मोजा. 70 किंवा अधिक असतील तर निर्धास्त पेरा. कमी असतील तर बियाणे वाढवा, फारच कमी असतील तर बदला. आमच्या घरी मिस्साहून आल्यावर हे काम नातवाकडे असते. गेल्या साली 83 उगवले. खात्री वाटेना म्हणून त्याने दोनदा मोजले.