फॉरमॅट करू का? आधी ‘नाही’ म्हणा!

दिवाळीची आवराआवर काढली की आई-बाबांच्या कपाटातून एक गोष्ट हमखास बाहेर येते. गोल प्लास्टिकच्या डब्यात रचून ठेवलेली सीडीजची चळत. कुणावर मार्करनं ‘ताईचं बारसं’ लिहिलेलं, कुणावर ‘गोवा २००६’, तर कुणावर नुसतंच ‘बॅकअप’. त्यातल्या काहींवर बारीक अक्षरात ‘आरडब्ल्यू’ छापलेलं असतं. म्हणजे पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या. तेव्हा कोरी सीडी दरवेळी कोण विकत घेणार, म्हणून घरोघरी या आणल्या जायच्या.

आता तुमच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. मग लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन यूएसबीवाला ड्राइव्ह मागवला जातो, सीडी आत जाते. विंडोज जरा विचार करतं आणि विचारतं, “ही डिस्क कशी वापरायची आहे?” ऑफिसमध्ये दिवसभर ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करायची सवय लागलेलं बोट लगेच पुढे सरसावतं.

थांबा, बॉस! ती डिस्क रिकामी नसेलही. तुमच्या कॉम्प्युटरला ती वाचता येत नसेल, एवढंच.

भरलेली डिस्क रिकामी का दिसते?

विंडोज एक्सपीच्या काळात या डिस्कवर पेनड्राइव्हसारख्या फाइल्स टाकता याव्यात म्हणून डायरेक्टसीडी, इनसीडी अशी सॉफ्टवेअर्स असायची. शेवटचं कामकाज नीट बंद न करता डिस्क बाहेर काढली असेल, तर दुसऱ्या ड्राइव्हला ती अर्धवट किंवा कोरी वाटू शकते. अशा वेळी ‘कॅन्सल’ दाबा आणि या क्रमानं चला. मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. ड्राइव्ह यूएसबी हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. वीज कमी पडली की बाहेरचे ड्राइव्ह अडखळतात. तरी जमलं नाही तर दुसरा ड्राइव्ह बघा. ज्या जुन्या डेस्कटॉपवर ती डिस्क लिहिली होती तो माळ्यावर असेल, तर उत्तमच. स्वतःच लिहिलेलं वाचायला तो ड्राइव्ह बरेचदा तयार होतो. फाइल्स दिसल्या की आधी सगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. बघत बसणं नंतर.

पुसली जात नाहीये?

आतला माल सुरक्षित काढून झाला, आता डिस्क पुन्हा वापरायची आहे. ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘इरेज धिस डिस्क’ निवडा. एरर आला तर इमेजबर्नसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून ‘फुल’ इरेज करून बघा. ‘क्विक’ इरेज फक्त डिस्कची अनुक्रमणिका पुसतं, पानं तशीच राहतात. ‘फुल’ पूर्ण पाटी पुसतं, त्यामुळे वेळ लागतो: ८० मिनिटांच्या सीडीला ४ एक्स वेगानं सुमारे २० मिनिटं. तोवर चहा घ्या. आणि हो, डिस्क दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर ‘क्विक’वर भागवू नका.

बर्निंग अर्ध्यात बंद पडतं?

बहुतेकदा वेग चुकलेला असतो. साधी सीडी-आरडब्ल्यू ४ एक्सपर्यंत, ‘हाय स्पीड’ १२ एक्सपर्यंत आणि ‘अल्ट्रा स्पीड’ २४ एक्स किंवा त्याच्या पुढे. जुन्या ड्राइव्हला अल्ट्रा स्पीड डिस्कवर लिहिताच येत नाही आणि तो निरागसपणे “कोरी डिस्क टाका” म्हणत राहतो. डिस्कवर छापलेला वेग बघा, तोच निवडा. आणि बर्न झाल्यावर ‘व्हेरिफाय’ची खूण काढून टाकू नका. ती पाच-दहा मिनिटं म्हणजे तुमचा विमा.

घरी चालते, गाडीत नाही?

यात तुमची काही चूक नाही. छापील सीडी लेसरचा सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते, सीडी-आरडब्ल्यू मात्र १५ ते २५ टक्केच. जुन्या प्लेअरच्या डोळ्याला तेवढ्यात काही दिसत नाही. दुसरं कारण म्हणजे विंडोजचा पर्याय. ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ निवडलंत तर ती डिस्क कॉम्प्युटरसाठी. गाडीसाठी ‘सीडी/डीव्हीडी प्लेअर’वालाच पर्याय घ्या. तरी वाजली नाही तर गाण्यांसाठी सरळ एकदाच लिहायची सीडी-आर वापरा.

फॉरमॅट केल्यावर जागा कमी झाली?

डिस्क खराब नाही. पेनड्राइव्हसारखी वापरण्यासाठी ती फॉरमॅट केली की हिशेब ठेवायलाच बरीच जागा जाते. ७०० एमबीमधले शंभर-दीडशे एमबी असेच गेलेले दिसतात. डीव्हीडी-आरडब्ल्यूवर ४.७ जीबी छापलेलं असून विंडोज ४.३८ दाखवतं, तो मात्र नुसता मोजण्याच्या पद्धतीतला फरक.

आता मुद्द्याचं. १९९७ मध्ये आलेल्या या सीडीच्या आत चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. लिहिताना लेसर त्याला ५०० ते ७०० अंशांपर्यंत तापवून वितळवतो, पुसताना २०० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा पूर्वीसारखा करतो. हे साधारण हजार वेळा करता येईल, असं गृहीत धरून ती बनवलेली असते. म्हणजे मुळात ही पाटी आहे, वही नव्हे. लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. आपल्या घरांनी मात्र भाबडेपणानं हिच्यावरच बारशी, सहली आणि आजोबांचा आवाज जपून ठेवला.

म्हणून या वीकेंडला तो डबा खाली काढा. डिस्क पुसायची की ठेवायची, ते नंतर ठरवा. आधी सगळं कॉपी करा, एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्याच जागी. वरच्या बाजूला बॉलपेननं काही लिहू नका. सीडीचा डेटा त्या छापील बाजूच्या अगदी खालीच असतो. मग रात्री जेवणं झाल्यावर तो ‘गोवा २००६’ टीव्हीवर लावा. आई-बाबांना तुमच्या ऑफिसातल्या प्रेझेंटेशनपेक्षा ते नक्कीच जास्त आवडेल!